घसाऱ्याखालची ओळ

आई,

मार्चएंड इथेही असतो. जपानला आले तेव्हा या एका गोष्टीने मला फार बरं वाटलं होतं. भाषा येत नव्हती, कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते कळत नव्हतं, पण एकतीस मार्चला वर्ष संपतं आणि त्याआधी अकाउंट्समधली माणसं एकमेकांशी तुटक बोलायला लागतात, हे माझ्या ओळखीचं होतं. तू चिंचवडच्या कारखान्यातून मार्चमध्ये घरी यायचीस तीही तशीच. चप्पल काढतानाच सांगायचीस, "आज मला कुणी काही विचारू नका." तू जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. नवऱ्याला सॉफ्टवेअरच्या कामावर कोबेला पाठवलं. त्या काळात पुण्यातून जो तो असाच कुठे ना कुठे निघाला होता. मी मागोमाग आले. दोन वर्षं वॉर्ड ऑफिसच्या वर्गात जपानी शिकले आणि मग बेकऱ्यांसाठी पीठ मळायची मोठी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर लागले. त्यांचे थोडे शेअर परदेशी कंपनीकडे होते, म्हणून वर्षाचे हिशेब इंग्रजीतही करावे लागत. हिशेब आणि इंग्रजी दोन्ही येणारं माणूस त्यांना हवं होतं.

तुला ती संध्याकाळ आठवते का, तुझे मॅनेजर आपल्या क्वार्टरवर आले होते ती? मी नववीत असेन. स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाट घेऊन अभ्यासाला बसले आहे, तू पोहे परततेयस आणि ते दारातच स्टुलावर बसलेत, कारण बाहेरच्या खोलीत बाबांना ताप आहे. ते हळू आवाजात म्हणतात, "बाई, बदल कायद्यात बसतो ना? मग मागे ती ओळ कशाला? मागची पानं कोण वाचतं?" तू गॅस बारीक करतेस. "मी वाचते," म्हणतेस. एवढंच. मग त्यांच्या हातात पोह्यांची बशी देतेस आणि वर लिंबू हवं का विचारतेस. ते गेल्यावर मी विचारलं, कसली ओळ? तू मला मोठ्या माणसासारखं समजावलंस. यंत्र दरवर्षी झिजतं, त्या झिजेपोटी दरवर्षी काही रक्कम खर्चात धरायची, तो घसारा. सुरुवातीला जास्त आणि मग कमी कमी अशी धरता येते, किंवा दरवर्षी सारखी. दोन्ही रीती बरोबर. पण एक धरली की धरली. बदललीच, तर ताळेबंदाच्या मागे लिहायचं की बदलली, आणि त्याने यंदाचा नफा एवढ्याने जास्त दिसतो. "न लिहिता बदललं तर?" मी विचारलं. तू म्हणालीस, "तर कारखाना बरा चाललाय असं लोकांना वाटेल. आणि तो तर बरा चाललेला नाही."

ती ओळ छापली गेली. त्या वर्षी अकाउंट्स ऑफिसरची जागा तुला मिळायची होती, ती तुझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाला मिळाली. तू घरी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मला कळलं ते बाबांकडून, फार नंतर. तेव्हापासून माझ्या मनात तू त्या ओळीची आई झालीस. मी कॉमर्सला गेले, कॉस्टिंगच्या परीक्षा दिल्या, आणि कुणीही विचारलं तर हीच गोष्ट सांगत आले.

मग मंदीचं ते वर्ष आलं. यंत्रांच्या ऑर्डरी एकामागून एक रद्द व्हायला लागल्या. आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं बुचो म्हणत असू, निवृत्तीला आलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. मी जपानीत अडखळले की खिडकीबाहेर बघायचे, म्हणजे मला लाज वाटू नये. फेब्रुवारीत त्यांनी बैठक घेतली. कंपनीने नुकतीच नवी यंत्रसामग्री घेतली होती आणि घसारा सुरुवातीला जास्त धरायच्या रीतीने चालला होता. तो यंदापासून दरवर्षी सारखा धरायचा. तसं केलं की वर्षाचा तोटा पुसला जाऊन थोडा नफा दिसणार होता. ऑडिटर मात्र बदलाचं सबळ कारण मागणार. बुचो माझ्याकडे वळले. "कारण असं लिहा, की यंत्रांचा वापर दरवर्षी सारखाच होतो. इंग्रजीतही तेच."

मी वहीत लिहायला सुरुवातही केली होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वापर गेल्या वर्षीही सारखाच होता. मग यंदाच का?"

इथल्या बैठकीतली शांतता तू ऐकलेली नाहीस. कुणी रागावत नाही, कुणी खाकरतही नाही. सगळे समोरच्या कागदाकडे बघतात. माझ्या शेजारी बसून बैठकीची टिपणं घेणारी बाई होती, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच कंत्राटावरची. मला ऑफिसची भाषा तिने शिकवली होती. फोनवर कुठल्या शब्दाला कुठला शब्द जोडायचा, रजेवरून आल्यावर प्रत्येकाला खाऊ कसा द्यायचा, सगळं. तिची लेखणी थांबलेली मला दिसली.

दुपारी बुचोंनी मला जिन्यापाशी कॉफीच्या मशीनजवळ गाठलं. मशीनमधून कॉफीचे दोन बंद डबे काढले, एक मला दिला. "तोटा दाखवला," ते म्हणाले, "तर एप्रिलपासून कंत्राटी माणसांचं काही खरं नाही."

"मीही कंत्राटावरच आहे."

"म्हणूनच तुमच्याशी बोलतोय."

मी म्हटलं, "बुचो, बदल करू नका असं मी म्हणत नाही. तुम्ही सांगाल ते वाक्य मी लिहीन. पण 'का' या प्रश्नाखाली जे खरं आहे तेच लिहू."

त्यांनी हातातला डबा उघडला. "खरं लिहिलं तर ऑडिटर बदल मान्य करणार नाहीत," ते म्हणाले. मग त्यांनी मान किंचित लववली आणि वर निघून गेले. दोन दिवसांनी निरोप आला, घसाऱ्याची रीत आहे तीच राहील.

त्या वर्षी कंपनीने तोटा दाखवला. मला नोकरी जाण्याची खात्री होती, घरी मी तसं सांगूनही ठेवलं होतं. पण माझं कंत्राट वाढलं. तोट्याच्या वर्षाचे हिशेब परदेशी भागीदाराला इंग्रजीत समजावून सांगायला माणूस लागणारच होतं. गेली ती टिपणं घेणारी, माझ्या शेजारच्या टेबलावरची. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांना खाऊ वाटला, माझ्यापुढेही वाकली, ड्रॉवर ओल्या फडक्याने पुसला आणि गेली. तिचं कंत्राट कदाचित एरवीही संपलं असतं. असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. बुचोंनी नाही सांगितलं.

पुढच्या वर्षी नवऱ्याचा कोट घेऊन मी स्टेशनमागच्या लॉन्ड्रीत गेले, तर काउंटरवर ती. दोघी हसलो, हवेबद्दल बोललो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "त्या दिवशी तो प्रश्न मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "टिपणं मीच घेत होते."

"तुम्हाला राग आला?"

तिने कोटाचे खिसे तपासले, पावती फाडली. "आला. मुलगा कॉलेजात जायचा होता त्या वर्षी. सबंध उन्हाळा मी रागात काढला." मग पावती माझ्या हातात देत म्हणाली, "पण तुम्ही विचारलंत ते खरंच होतं. म्हणून तर जास्त राग आला. कोट गुरुवारी मिळेल."

आई, लॉन्ड्रीतून स्टेशनवर येताना मला पहिल्यांदा सुचलं की तुझ्या कारखान्याचंही त्या वर्षी काहीतरी झालं असेल. खरा नफा किती कमी आहे ते त्या ओळीतून कळल्यावर बोनस कापला असेल, हंगामी कामगार घरी बसवले असतील. कुणीतरी सबंध उन्हाळा तुझ्यावर रागावून काढला असेल. गोष्ट सांगताना मी नेहमी तुझ्या गेलेल्या बढतीपाशी थांबायचे. त्याच्यापुढे काय झालं, हे मी तुला विचारायला हवं होतं, आणि तू होतीस तेव्हा मला तो प्रश्नच पडला नाही. तू घरी गप्प असायचीस तो मला मोठेपणा वाटायचा. आता वाटतं, तुलाही कुठल्यातरी काउंटरवर कुणीतरी भेटलं असेल.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही इथलेच झालो. मुलगी माझ्याशी जपानीत बोलते, मी मराठीत उत्तर देते, आमचं जमतं. मघाशी तिने विचारलं, काय लिहितेस? मी म्हटलं, ऑफिसचं. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. त्या दिवशी मी जे विचारलं ते हिशेब बरोबर व्हावा म्हणून विचारलं, की एकदा तरी तुझ्यासारखं व्हावं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसरं असेल, तर तुला ते मुळीच आवडलं नसतं.