सुकलालच्या दुकानातला दवाखाना

४ जानेवारी १९९६, पहाटे
शिरपूरच्या शाळेतला आवाज कानात घुमतोय. चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, वरचे पत्रे थरथरायचे. तो सूर मी लावलेला. आता डिंडोलीत लावणार. माझा विद्यार्थी सुकलाल किराणा दुकानात, तेलाच्या डब्यांमागे, डॉक्टर बसवतोय. साखरेला आलेला माणूस तपासून घेऊनच जाईल. जाहिरात माझ्याकडे.

९ जानेवारी
हँडबिल छापलं: 'ताप असो वा खोकला दाट, धरा सुकलालची सोपी वाट.' पेशंट शून्य. लोक रिकामा बाक बघतात, तूरडाळ घेतात, जातात.

१० जानेवारी
उपाय सापडला. बायकोला, अनुसयाला, बाकावर बसवायचं. पाच ते सात, कापडाच्या लूमवरच्या कामगारांची पाळी सुटते तेव्हा. तिनं फक्त खोकायचं. ती म्हणाली, स्वयंपाकाचं काय? म्हटलं, उशिरा जेवू. डॉक्टरांना सांगून ठेवलं, घरचीच आहे, नाटक आहे, तपासू नका.

२० जानेवारी
तीन पेशंट! अनुसयाचा खोकला आधी पाठांतरासारखा कोरडा होता. आता भाव उतरलाय. शिकवण कुणाची!

२ फेब्रुवारी
रुमालावर लाल डाग दाखवला. म्हणाली, "आहो, मना खरंच जीव घाबरस." शाब्बास म्हटलं. घरी मात्र सराव नको, झोपमोड होते.

११ फेब्रुवारी
आठवडाभर पेशंट नाही. सुकलाल सांगतो, गल्लीत बोलणं चाललंय की गुरुजींची बायको महिनाभर तिथंच बसून खोकते, तिलाच गुण नाही, आपल्याला काय येणार? लोकांना अभिनयाची जाण नाही. अनुसयाला सांगितलं, उद्यापासून बरी हो.

१२ फेब्रुवारी
होत नाही. पहिल्यापासून हट्टी.

१४ फेब्रुवारी
बाकावरून कोसळली. डॉक्टरांनी आज प्रथमच तिची नाडी धरली. रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेलं. जाताना म्हणाले, "गुरुजी, मी तुमच्या शब्दावर गप्प बसलो." दुकानापुढे एवढी गर्दी कधीच नव्हती. साठ हँडबिलं वाटली.

१६ फेब्रुवारी, दुपार
इस्पितळात उद्या नक्की. नवं कडवं जुळत आलंय.
दार वाजलं. रंजना! माझी मुलगी. नंदुरबारला दिली, चार वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. बापाची आठवण झाली तर. म्हटलं, बस, कडवं ऐक. ती उंबऱ्याबाहेरच. म्हणाली, "आईची दोन लुगडी द्या. वाचली तर माझ्याकडे राहील." मग म्हणाली, "खोकला कधीपासून, डॉक्टर विचारताहेत. तुम्ही रोज लिहिता ना, ती वही द्या."
दारातच उभी आहे. शोधतोय म्हणून सांगितलंय.