भरतीची वेळ

कुंभकोणम्, दि. २८ डिसेंबर १९५४

चि. अंबुजा हीस व्यंकोजीचे अनेक आशीर्वाद.

अमिनी बेटावरून घातलेले तुझे पत्र पावले. तीन महिने लॅकदीव बेटांवर हिंडून रोगी तपासणारी डॉक्टरीण साऱ्या कुंभकोणात माझ्याच घरची, हे मी दुकानात येईल त्याला सांगतो. गिऱ्हाईक पितळी घागर घ्यायला येते आणि समुद्राच्या गोष्टी ऐकून जाते. तुझी आई म्हणते, आता पुरे करा.

तिथे मोटार नाही, बैलगाडी नाही, एका बेटावरून दुसऱ्यावर शिडाच्या होडीनेच जायचे, हे वाचून मात्र मी लगेच पंचांग काढले. निघताना दिलेले वचन विसरू नकोस. राहुकाळात पाऊल बाहेर टाकायचे नाही. साधे पापनाशमला जायचे तरी मी तो दीड तास टाळूनच बसमध्ये चढतो. रोजच्या वेळांचा कागद सोबत जोडला आहे.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यापाशी आहे, सांभाळ. हे आशीर्वाद.

चेत्तलात बेट, दि. ७ फेब्रुवारी १९५५

ती. अण्णांच्या चरणी अंबुजाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. इथे मोठी होडी खडकांच्या रांगेबाहेर उभी असते. तिथवर लहान होडीने जायचे, नाही तर लुगडे खोचून पाण्यातून चालायचे. मला दोन्ही जमते. नावाडी आता हसत नाहीत.

पण एक सांगायचे आहे. मागच्या महिन्यात, मी अमिनीत असताना, एका शनिवारी किल्तान बेटावरून निरोप आला, बाळंतीण अडली आहे. भरती साडेनऊची, राहुकाळ साडेदहापर्यंत. मी होडी थांबवली. पाणी उतरते आहे, असे नावाडी दोनदा म्हणाला. साडेदहाला होडी वाळूत बसली होती. दुसऱ्या दिवशी पोहोचलो. बाई वाचली, बाळ गेले. अण्णा, मला फार लाज वाटली.

परवा शनिवारी, मी अमिनीतच असताना, या चेत्तलात बेटावरून तसेच बोलावणे आले. ऐन राहुकाळात निघाले. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. तुम्हाला विचारते तर उत्तर महिन्याने आले असते. वचन मोडले, पुन्हाही मोडीन. खुशाल रागवा, पण माया आटू देऊ नका.

कुंभकोणम्, दि. ६ मार्च १९५५

चि. सौभाग्यकांक्षिणी अंबुजा हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्या दिवशी दुकान उघडले नाही. ते बाळ तुझ्या माथी नाही, माझ्या त्या कागदाच्या माथी आहे. तो फाडून टाक. वचन मी घेतले होते, मीच तुला त्यातून मोकळे करतो.

काल पट्टीश्वरमचे चंद्रमौळी तुझे स्थळ विचारायला आले. मी मोठ्या तोऱ्यात पत्र वाचून दाखवले. ते म्हणाले, राहुकाळ न पाळणारी सून आम्हाला चालायची नाही. मी म्हटले, अडलेल्या बाईला ताटकळत ठेवणारी मुलगी मलाही चालायची नाही. ते कॉफी अर्धी टाकून उठले. आईने त्यांचा पेला घासायला टाकला आणि मला पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. इतकी छाती फुगली होती, की मला धड वाचताही येईना.

आता एक काम कर. तिकडच्या भरतीच्या वेळा लिहून पाठव. आपल्या पंचांगात त्या नाहीत. मी समासात उतरून घेईन, म्हणजे तू कधी निघालीस ते आम्हाला इथे कळेल.