वहिनीचा डावा हात

आष्टी, मंगळवार, दिवेलागण

बीडच्या कोर्टातून आत्ताच घरी आले. वहिनीनं दादावर मारहाणीची केस केली आहे, त्यात माझंही नाव घातलंय. मी इथं सासरी नांदते, मी कधी मारलं तिला? वकीलसाहेब म्हणाले, "ताई, तुमचं सोपं आहे. 'मी दुसऱ्या गावी राहते, मी काही पाहिलं नाही', एवढंच सांगायचं." मी नंदीबैलासारखी मान हलवली.

मारताना पाहिलं नाही, हे खरंच आहे. पण दिवाळीला माहेरी गेले होते, तेव्हा बांगड्या भरायला कासारीण आली होती. वहिनीनं उजवा हात पुढं केला. डावा पदराखाली. "ऱ्हाऊ द्या ताई, हा मागून भरते." सवाष्णीनं एकाच हातात बांगड्या भरलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. कासारीण माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आणि मी? फराळाचं ताट आणायला आत गेले.

हे वकिलांना सांगू? मग दादा आत जाईल. कोर्टातून निघताना माझ्या आईचं एकच चाललं होतं, "तू काय बी बघितलं न्हाईस." नाही सांगितलं तर मी सुटेन, आणि माझ्या आडून दादाही.

आज कोर्टाच्या व्हरांड्यात वहिनी समोरच उभी होती. माझी नजर तिच्या डाव्या हाताकडं गेलीच. तिनं तो पटकन पदराखाली घेतला.

केस तिनंच केली आहे. तरी हात झाकायची सवय अजून गेली नाही.