ओहोटीतला कापितान

प्रिय रॉमेल,

तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या आईकडे, नानायकडे, देते आहे. काल तिच्याकडे जाऊन आले. ती म्हणाली, "इंदाय पोरी, जहाज सध्या कुठे आहे ते त्या कंपनीलाच ठाऊक, पण बंदरात टपाल मिळतं त्याला." जहाजावरचा स्वयंपाक आता तुझ्या एकट्याच्या हाताखाली आहे, हेही तिने अभिमानाने सांगितलं. आणि सेबूच्या एका मुलीशी तुझं जमतंय, हेही. ऐकून बरं वाटलं. निदान तिचा जिना उतरेपर्यंत तरी वाटलं.

नोंग सिमोचं, आपल्या सिमोदादाचं, सलून अजून आहे तिथेच आहे, इलोइलोत, ला पाझच्या बाजारामागे. शनिवारी दुपारी सगळ्या खुर्च्या भरतात, केस मात्र कोणी कापून घेत नाही. विषय तोच, 'कापितान ताओब' हा मोठा हिरो की फसलेला हिरो. अख्ख्या देशात हे कॉमिक कोणाला आठवत असेल तर त्या सलूनमधल्या मूठभर वेड्यांना. पण तुझ्याशिवाय भांडणाला धार नाही रे. सगळे एकाच बाजूचे. ओफेलिया बाई शाळा सुटल्यावर थेट येतात आणि म्हणतात, "भरतीत अख्खा धक्का उचलणारे हिरो ढिगाने आहेत. ओहोटी लागल्यावर अंगातली ताकद गेली, तरी चिखलात बसून घाबरलेल्या म्हातारीचा हात धरणारा मला एक दाखवा!" यावर सगळे माना डोलावतात आणि संपलं. तू असतास तर म्हणाला असतास, "बाई, हा हिरो नाही, सरकारी कचेरी आहे. वेळेत आलात तर काम होणार, नाहीतर उद्या या. नाव ताओब, म्हणजे भरती, आणि साहेब अर्धा दिवस ओहोटीत!" मग सिमोने तुझ्या नाकाला साबणाचा फेस लावला असता आणि खरी दुपार सुरू झाली असती.

तुला आठवतं का, मी तुला पहिल्यांदा घरी जेवायला आणलं ते? ते कॉमिक माझ्या वडिलांनी, तातायनी, टोपणनावाने काढलेलं, आणि ते मी कोणाला सांगायचं नाही हा त्यांचाच हुकूम. त्यांनी आपलं सहज विचारलं, शनिवारी काय करतोस. झालं! तू ताओबची चिरफाड सुरू केलीस. गोष्ट रडकी, खलनायक मचूळ, आणि चित्रकार इतका आळशी की ओहोटीच्या प्रत्येक अंकात कापितानाचे हात लहान काढलेत, मापसुद्धा सांभाळता येत नाही गड्याला. माझी नानाय तेव्हा होती. तिच्या हातातला डाव पांसित मोलोच्या पातेल्यात पडला. मी टेबलाखालून तुला लाथा घालत होते आणि तू मलाच विचारलंस, "लाथ का मारतेस?" ताताय एवढंच म्हणाले, "अजून मासा घे, तोतो बाळा. आणि तो हातांचा मुद्दा परत सांग." सगळं कळल्यावर तुझे कान लाल झाले, पण माफी काही तू मागितली नाहीस. उलट म्हणालास, "मग तर उत्तर द्यायलाच हवं तुम्हाला." तू गेल्यावर ताताय कितीतरी वेळ स्वतःशी हसत होते. म्हणाले, "इतक्या वर्षांत ते हात कोणी बघितलेच नव्हते. मुद्दाम काढले होते मी ते."

आता त्यांची हकिकत सांगते. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. गेलं वर्षभर आठवड्यातून दोनदा मशीनवर जात होते, तक्रार न करता. नर्सांची चित्रं काढायचे, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला डोंगराएवढं नाक काढून द्यायचे. मग गेल्या महिन्यात मोठ्या मॉलमध्ये कॉमिकवाल्यांचा मेळा भरला आणि कोणीतरी जुन्या चित्रकारांमध्ये त्यांना टेबल देऊ केलं. टोपणनाव सोडून पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने बसायचं होतं. मी त्यांच्या ठेवणीतल्या सदऱ्याला, बारोंगला, इस्त्री केली. त्यांनी मूळ पानं काढली, कडा पुसल्या, सह्यांसाठी नवी शाई घेतली. शेजारच्या टेबलापाशी रंगीबेरंगी वेष केलेल्या पोरांची रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. आमच्याकडे एक मुलगी आली आणि आजोबांना विचारावं तसं गोड हसून म्हणाली, "लोलो, बाथरूम कुठे आहे?" त्यांनी उठून, वाकून रस्ता दाखवला. नंतर एक तरुण आला, उभ्याउभ्या पानं चाळली आणि म्हणाला, "याची ताकद अर्धाच दिवस? मग खपणार कसं, लोलो?" उत्तराला थांबला नाही. तातायनी विस्कटलेली पानं पुन्हा नीट लावून ठेवली. येताना जीपनीत त्यांनी पानांची पिशवी मांडीवर गच्च धरली होती, आणि मी काहीही बोलले तरी "हं" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी होती. ते उठलेच नाहीत. म्हणाले, "ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दे. ज्याला काही करायचं बाकी असेल त्याला." पुढच्या पाळीलाही तेच. मी रडले, ओरडले, दार आपटलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. मला बाहेर नेऊन हळूच म्हणाल्या, "असेच राहिले तर फार दिवस नाहीत." पाय सुजून पावासारखे झालेत. आडवं झालं की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपतात.

शेवटी मी सलूनमध्ये जाऊन सगळ्यांना खरं सांगितलं. सिमोच्या हातातून कंगवा पडला. "म्हणजे तो माणूस माझ्याकडे केस कापायला येत होता?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. सगळे घरी आले, फुलं घेऊन, जुने अंक घेऊन. तुम्ही महान, तुमच्यासारखा कोणी झाला नाही, असं एकेक जण बोलला. तातायनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी जिवंत असतानाच माझ्या मयताला आलात काय रे?" सिमोने धीर करून विचारलं, "नोंग, शेवटच्या अंकात पूल कोसळतो, खाली लोक अडकलेले, आणि ऐन ओहोटी. तिथेच मासिक बंद पडलं. पुढे काय होणार होतं?" ताताय म्हणाले, "काही नाही. तो काठावर उभा राहिला. ओहोटीत काय करणार तो?" ओफेलिया बाईंचे डोळे भरले. माझे नाही भरले. मला त्यांचा इतका राग आला रॉमेल, की मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर मुठी मारल्या.

मग मी एक वेडेपणा केला. तुझ्या नावाने एक पत्र लिहिलं, शेवटच्या अंकावर टीका करणारं, आणि जहाजावरून आलंय असं सांगून त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला. "हा मुलगा इतका सभ्य नाही," म्हणाले. पण त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव होता. मी तो सोडला नाही. मी म्हणाले, "मग खऱ्यालाच विचारते." ते भिंतीपासून पाठ सोडवून ताठ बसले. मग म्हणाले, "विचार. ओहोटीतही त्याने पाण्यात उडी घ्यायला हवी होती, असंच म्हणणार तो गाढव. मला त्याला उत्तर द्यायचंय. त्याचं पत्र येईपर्यंत जातो मशीनवर." आणि काल गेले. मशीनवर नळ्या लावलेल्या असताना नर्सकडे पेन मागितलं आणि तळहातावर काहीतरी खरडलं. मला दाखवलं नाही.

म्हणून हे पत्र. तुला परत ये म्हणायला लिहिलेलं नाही. तो हक्क मला नाही, हे मला कळतं. फक्त त्यांच्याशी भांड. त्यांची स्तुती करू नकोस, आजाराची चौकशीही करू नकोस. तुझ्या त्याच उद्धट भाषेत लिही. आणि सगळं एकदम लिहून टाकू नकोस, एका पत्रात एकच मुद्दा. त्यांचं उत्तर मी टपालात टाकीन, मग तू पुन्हा नवीन काहीतरी खुसपट काढ. सेबूच्या त्या मुलीला सांग, इलोइलोत एक म्हातारा आहे, त्याच्याशी मला खूप वर्षं भांडायचंय. ती चांगली असेल तर समजून घेईल. आणि एक कर. कधीतरी ते तुला अगदी बरोबर उत्तर देतील, तुझ्याकडे बोलायला काही उरणार नाही, तुला मनापासून पटेल. तरी कबूल करू नकोस, रॉमेल. पाया पडते तुझ्या, कबूल करू नकोस.

तुझीच, अजूनही,
हेर्मी