नवाबचा चौथा नाल

दादा,

नवाबचे नाल मी पहाटेच काढले. तू जागा असतास तर "अजून एक शर्यत पळेल गं" म्हणत पुन्हा आडवा आला असतास. त्याचे डॉक्टर नको म्हणाले, तुझेही म्हणाले. रोज तेच भांडायला आता माझ्यात त्राण नाही.

खुरांच्या कडा कानशीने घासल्यात. काही दिवस तो दबकत चालेल, खडीवर नेऊ नकोस.

मागचा डावा पाय मात्र त्याने मला उचलूच दिला नाही. तो पाय तो फक्त तुझ्या, त्याच्या जॉकीच्या, हातात देतो. पक्कड दाराशी ठेवून मी दुसऱ्या तबेल्यात नाल ठोकायला जातेय. तीन खूर मोकळे, चौथ्याला नाल, असा तो अवघडून उभा आहे.

सोडव त्याला, दादा.

छोटी