दहा दिवस बेटावर, राहणं फुकट

२ मार्च, सकाळी ६.१०
निर्णय झाला. मे महिन्यात बेट. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि हिला अजून समुद्र दाखवला नाही हे खरं, पण दर वेळी सबळ कारण होतं. काल ही भांडलीसुद्धा नाही. शांतपणे म्हणाली, की यंदा जमलं नाही तर ती हा विषय पुन्हा काढणार नाही. भांडली असती तर परवडलं असतं.
नवीन फाइल उघडली.

५ मार्च
लोक मूर्ख आहेत. हॉटेलवाल्यांची धन करतात. मी इंटरनेटवर घरांची अदलाबदल शोधून काढली. बेटावरच्या माणसाने दहा दिवस आमच्या घरात राहायचं, आम्ही त्याच्या. तो धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडतो. नाव लांबलचक आहे, म्हणून फाइलीत 'बेटकर' असं लिहिलंय. त्याच्या पोरांना सरकता जिना बघायचाय. काय एकेक माणसं! दारात समुद्र आणि जिन्यासाठी जीव टाकतात.

७ मार्च
आमच्या घराचं वर्णन पाठवलं: चौथा मजला, हवेशीर, समोर पाणी. टाकीतलं पाणी हेही पाणीच. बेटकरने कळवलं, की त्याची एक खिडकी लागत नाही आणि शेजारच्या कोंबड्या आत येतात. जाहिरातीची अक्कलच नाही माणसाला.

१९ मार्च
पोहायला शिकायचा निश्चय. सुरुवात पलंगावर, पोटावर झोपून. हिने दारातून पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावू का विचारलं.

२० मार्च
मान आखडली. पोहणं रद्द. समुद्र काठावरूनही दिसतो.

११ एप्रिल
फाइल छत्तीस पानांची झाली. पान नऊ: सूर्यास्त, रोज २५ मिनिटं. आज हिने फाइल पहिल्यांदा हातात घेतली. मग बहिणीला फोन करून सांगत होती, की या वेळी खरंच जातोय. मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.
रजेचा अर्ज दिला का, असंही विचारलं. मी हसलो. अख्ख्या विभागाच्या रजा हेडक्लार्क या नात्याने मीच मंजूर करतो. अर्ज देऊ कोणाला, मलाच?

२४ एप्रिल, ऑफिस
मेमध्ये रजा हवी म्हणून टेबलापुढे रांग. समुद्राच्या विचाराने मन मोठं झालं होतं. टायपिस्टबाईंच्या भाचीचं लग्न, सही. कॅशियरचा गुडघा, सही. शिपायाने तर कारणही सांगितलं नाही, तरी सही. माझ्यासारखा दिलदार माणूस पाहिला नाही म्हणाले.

६ मे
मोठ्या साहेबांनी बोलावलं. दहा ते वीस मे विभागात कोण आहे, असं विचारलं. रजिस्टर पाहिलं. कोणीही नाही. मी म्हटलं, असं कसं होईल, विभागात एक तरी जबाबदार माणूस हवाच असा नियम आहे. साहेब म्हणाले, नियम उत्तम आहे, लिहिलाय कोणी ते बघा. परिपत्रकाखाली माझीच सही. भाषा सुरेख आहे. एकही पळवाट ठेवलेली नाही.

७ मे
दिलेल्या रजा परत मागून पाहिल्या. कॅशियरच्या ऑपरेशनची तारीख ठरलीय. टायपिस्टबाई रडल्या. शिपायाचा फोन बंद.

८ मे
हिला सांगितलं. बॅग उघडीच होती, ही घड्या घालत होती. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणालो. हिने बॅगेचं झाकण लावलं आणि बहिणीला फोन केला. बोटीच्या तिकिटावर नाव नसतं, असं फाइलीत चौदाव्या पानावर आहे. मीच लिहिलंय.

१० मे
मेव्हणी माझ्या तिकिटावर गेली.
संध्याकाळी बेटकर, त्याची बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई आली. मी घरीच असणार हे त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. त्यांना वाटलं, मी किल्ली द्यायला थांबलोय. तासभर सगळे माझ्याकडे आदराने बघत बसले. मी निघालो की जेवू, असा त्यांचा बेत होता.

१३ मे
मुक्काम सोफ्यावर. पोरं सरकता जिना विसरली, दिवसभर लिफ्टमध्ये असतात. म्हातारी खिडकीतून टाकी बघते. म्हणाली, समुद्रापेक्षा बरी, आवाज करत नाही. बेटकरची बायको मला चहा देते आणि लाजू नका, आपलंच घर समजा म्हणते.
नवा वॉचमन आलाय. त्याने वहीत माझं नाव पाहुण्यांच्या रकान्यात लिहिलं.

१८ मे, संध्याकाळी ७
ठरवलं होतं, की फोनवर हिला धीर द्यायचा. माझ्यावाचून करमत नसणारच.
फोन आला. मी काही बोलायच्या आत सांगायला लागली. पहिल्या दिवशी वाळूत बसताना सवयीने शेजारी माझ्यापुरती जागा सोडली होती म्हणे. दुसऱ्या दिवसापासून ऐसपैस पाय पसरून बसते. आणि हसली. भराभर बोलत होती, मध्येच हसत होती, लाटा अंगावर आल्या की कशी ओरडते ते सांगत होती. बावीस वर्षांत ही माझ्याशी अशी बोललेली आठवेना. मी बरोबर असतो तर इतकी हसली नसती, एवढं मला कळतं. फार वाईट वाटलं.
आणखी चार दिवस राहणार आहे. बेटकरशी परस्पर बोलणंही झालंय. मला विचारलं नाही, कळवलं. मी बरं म्हणालो.
फोन ठेवल्यावर बेटकरने विचारलं, तिकडे सगळं ठीक ना. म्हटलं, माझ्याशिवाय अगदी व्यवस्थित चाललंय.