कापलेली दोन इंच नळी

नाई बाबा, तुझी नजर गेली नव्हती. हे मी तेव्हाही म्हणत होतो, पण काऊन ते सांगता येत नव्हतं, अन् तू म्हणायचा, "आठवी सोडलेल्यानं मले डोळे शिकवू नये." आता ऐक. मी दिल्लीकडं बंदुकीच्या रेंजवर काम करून राह्यलो. मशीन हवेत मातीच्या थाळ्या फेकते, शौकीन लोक त्या फोडतात. बंदुका पुसणं अन् नळीच्या तोंडात चोक बसवणं माझ्याकडं. चोक म्हणजे बोटभर लांब, आट्यांचा तुकडा, आतून निमुळता. तोंड आवळलं की छर्रे दूरवर गठ्ठ्यानं जातात, मोकळं ठेवलं की लवकर पसरतात. साहेब लोक मलेच विचारतात, आज कोणता लावू म्हणून.

तू म्हणायचा, बारीक नळीच्या छर्र्यांचा घेर बारीक. मी कागद लावून पाह्यलं. बारा बोअर अन् त्याहून बारीक वीस बोअर, चोक सारखा, चाळीस पावलांवरून. घेर जवळपास तेवढाच. वीसमध्ये छर्रे कमी मावतात, म्हणून भोकं विरळ. तेवढं तू चुकला होता.

पण कागद पाह्यला की आपला बारदाना आठवते. धान लोंबीवर आलं की तू रिकामा बारदाना धुऱ्यावर, शेताच्या कडेले, टांगायचा अन् छर्रे कसे बसतात ते पाह्याले एक बार काढायचा. बंदुकीचा परवाना डुकरासाठी, काडतुसं मोजकी, तरी एक बारदान्याचं. मी पळत जाऊन तो आणतो, तू उन्हात धरून भोकं मोजतो अन् आईले म्हणतो, "घे, चाळणी झाली तुले." आई म्हणते, "आता धान कायच्यात भरता?"

मग ते साल. पहिल्याच बाराले नळीचं तोंड फुगलं. तू म्हणला, काडतूस खराब. लोहाराकडून दोन इंच कापून आणली. "नळी लांबच आहे, दोन इंचानं का होते?" काडतुसं उरली तीन, म्हणून बारदाना टांगला नाई. डुक्कर धानाच्या बांधीत समोर उभं होतं. तीनही बार गेले अन् ते आरामात धान तुडवत निघालं. शेजारचा भाऊ म्हणला, "बुढ्या, आता डबा वाजवत जाय." तू हसला नाई. वडश्याहून चष्मा आणला, बंदूक ठाण्यात जमा केली, अन् पुन्हा कधी रातच्या जागलीले गेला नाई.

चोक त्याच दोन इंचात होता, बाबा. तुझ्या नळीत तो तोंडाशी घडवलेलाच होता. लोहाराच्या अंगणात पडला, अन् छर्रे डुकराच्या आजूबाजूनं पसरून गेले. नजर तुझी नीटच होती.

अन् नळी काडतुसानं फुगली नाई. आदल्या दिवशी मी ती धुऱ्यावर उलटी टेकवली होती, तोंड चिखलात. वरून पुसली, आतून नाई. तू नवा चष्मा घालून अंगणात बसून राह्यचा, तेव्हा रोज सांगीन म्हणत होतो. नाई सांगितलं. आता तूच नाई राह्यला, हे पत्र कुठी टाकू? डुकरं अजून येतात. आईले जाळीच्या कुंपणासाठी पाठवून राह्यलो, साडेआठ हजार.